वसणारे आणि वसवलेले : विज्ञानकथेतील जनुकबदलित वसाहतकार

१

'वसाहत' हा शब्द मराठीत दोन वेगळ्या अर्थांनी वावरतो. ब्रिटिशांच्या वसाहती म्हणताना सत्ता, व्यापार आणि लूट यांचे संदर्भ जागे होतात. मुंबईच्या उपनगरांत मात्र गृहनिर्माण मंडळाची वसाहत असते, रेल्वेची असते, कारखान्याची असते. विक्रोळीचे कन्नमवारनगर, घाटकोपरचे पंतनगर, गोरेगावची आरे दुग्ध वसाहत ही नावे उच्चारताना कुणालाही साम्राज्याची आठवण होत नाही. पहिल्या अर्थातला वसाहतकार जिंकून येतो. दुसऱ्या अर्थातल्या रहिवाशाला बहुधा कोणी तरी तेथे आणून बसवलेले असते. हा फरक मराठीने 'वसणे' आणि 'वसवणे' या क्रियापदांच्या जोडीत नेमका साठवला आहे. 'वसवणे' हे प्रयोजक क्रियापद आहे. वसवणारा एक आणि वसणारा दुसरा, असे त्यात गृहीतच असते.

परग्रहावर राहता यावे म्हणून माणसाचे आनुवंशिक द्रव्यच बदलायचे, या विज्ञानकथेतील आशयसूत्राचा इतिहास प्रस्तुत लेखात या व्याकरणिक भेदाच्या आधारे वाचावयाचा आहे. या कथा स्वतःला वसणाऱ्यांच्या साहसकथा म्हणून मांडतात. त्यांच्या संहितेत मात्र वसवलेल्यांची कथा दडलेली असते, असे येथे प्रतिपादन आहे.

२

या सूत्राचा आरंभ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या १९२७ मधील 'द लास्ट जजमेंट' या लेखवजा कथेत सापडतो. पृथ्वीचा अंत जवळ आला असता माणसांचा एक गट निवडपैदाशीच्या दीर्घ प्रक्रियेतून शुक्राच्या विरळ प्राणवायूत जगू शकणारी मानवजात तयार करतो. ही नवी माणसे शुक्रावर पोचतात, पण त्याआधी तेथील मूळ जीवसृष्टी नष्ट केली जाते. नव्या शरीराबरोबर नवे मनही घडवलेले आहे. व्यक्तिगत सुखापेक्षा जातीचे सातत्य मोठे मानण्याची प्रवृत्ती या माणसांत उपजतच आहे. वसवणाऱ्याने वसणाऱ्याची इच्छाही आधीच ठरवून टाकली आहे.

ओलाफ स्टेपल्डन यांनी १९३० च्या 'लास्ट अँड फर्स्ट मेन' या कादंबरीत याच कल्पनेचा विस्तार केला. तेथे पाचवे मानव शुक्रावर स्थलांतर करताना तेथील बुद्धिमान जलचरांचा संहार करतात. पुढे आठवे मानव नेपच्यूनसाठी नववे मानव रचतात. पण हेतुपूर्वक रचलेली ही जात तेथे टिकाव धरू शकत नाही आणि तिची अवनती होते. रचनाकाराच्या हिशेबात आणि रचिताच्या जगण्यात फट राहते, हे स्टेपल्डन यांनी ओळखले होते. १९३२ मध्ये ऑल्डस हक्स्ली यांनी 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये हीच रचना पृथ्वीवर, बाटलीतल्या गर्भांवर आणि कामानुसार पाडलेल्या श्रेणींवर आणून ठेवली. परग्रह वगळला तरी सूत्र शाबूत राहते, हे या कादंबरीमुळे स्पष्ट झाले.

जेम्स ब्लिश यांनी या सूत्राला 'पँट्रॉपी' हे नाव दिले. जॅक विल्यमसन यांनी १९४२ मध्ये रूढ केलेल्या 'टेराफॉर्मिंग' या संज्ञेच्या ती समोर उभी राहते : एकात ग्रह बदलायचा, दुसरीत माणूस. ब्लिश यांचे 'द सीडलिंग स्टार्स' हे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी हॉल्डेन भारतात आले. १९६२ मध्ये लंडनच्या सिबा परिसंवादासाठी लिहिलेल्या निबंधात हॉल्डेन यांनी अंतराळयानात पाय निरुपयोगी ठरतात, तेव्हा पाय नसलेला किंवा गिबनसारखी पकड असलेला अंतराळवीर अधिक सोयीचा ठरेल, असे सुचवले. ते १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. जनुकबदलित वसाहतकाराच्या कल्पनेचा जनक आयुष्याच्या अखेरीस भारताचा नागरिक होता, ही बाब आपल्या समीक्षेने फारशी मनावर घेतलेली नाही.

३

ती घ्यायला हवी, कारण याच काळात भारतात जन्म आणि काम यांच्या संबंधाची चिकित्सा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे दाखवून दिले. व्यक्तीची क्षमता वा आवड न पाहता तिचे स्थान जन्माआधीच ठरवून ठेवणे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. वंशशुद्धीच्या आणि सुप्रजननशास्त्राच्या आधारे जातीचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवादही त्यांनी तेथेच खोडून काढला. हॉल्डेन-स्टेपल्डन यांच्या कथांशेजारी हे भाषण ठेवले की, परग्रहासाठी घडवलेला माणूस म्हणजे श्रमिकांच्या विभागणीची परिसीमा आहे, हे ध्यानात येते. जातीला रूढी, धर्मग्रंथ आणि बहिष्कार यांचे बळ लागते. येथे तेच काम पेशी करते.

या दृष्टीने 'द सीडलिंग स्टार्स'मधील अखेरची कथा 'वॉटरशेड' विशेष महत्त्वाची आहे. मूळ मानवी शरीराचे खलाशी आणि सीलसारखे शरीर असलेले अनुकूलित मानव एकाच यानातून प्रवास करत आहेत. खलाशांना या सहप्रवाशांची किळस वाटते. आपलेच शरीर तेवढे खरे मानवी, असा त्यांचा समज आहे. यान निघाले आहे ते पृथ्वीकडे. पण पृथ्वी आता इतकी बदलली आहे की तेथेही अनुकूलित माणसेच वसवावी लागणार आहेत. 'मूळ' शरीराला मूळ भूमीच उरलेली नाही. मराठी वाचकाला येथे बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथा आठवल्याशिवाय राहणार नाही. बागुलांच्या नायकाला जात लपवता येते, कारण ती शरीरावर लिहिलेली नसते. म्हणूनच ती उघडकीस आल्यावर हिंसा होते. ब्लिश यांच्या अनुकूलित माणसाला ही चोरीही शक्य नाही. त्याचे स्थान त्याच्या कातडीवरच लिहिलेले आहे.

४

मराठी विज्ञानकथेची जडणघडण या प्रश्नापासून भौगोलिकदृष्ट्या दूर झालेली नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन चुनाभट्टीला आहे. तेथून तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे, फार लांब नाही. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात प्रारणांच्या साह्याने पिकांत उत्परिवर्तने घडवून नवे वाण निर्माण केले गेले. भुईमुगाचा 'टीजी-१' हा वाण १९७३ मध्ये प्रसृत झाला. पुढच्याच वर्षी परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले आणि जयंत नारळीकर (१९३८–२०२५) मराठी कथाकार म्हणून पुढे आले. बाळ फोंडके यांच्यासारखा लेखक तर या केंद्रातच जीवशास्त्राचे संशोधन करत होता. तेव्हा आनुवंशिक बदलाचे ज्ञान या लेखकांच्या परिसरातच होते.

तरीही या प्रकाराची नावाजलेली उदाहरणे पाहिली की एक गोष्ट जाणवते. नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये शरीराची डावी-उजवी बाजू उलटते. लक्ष्मण लोंढे यांच्या 'दुसरा आइन्स्टाइन'मध्ये शास्त्रज्ञाचा मेंदू शरीराविना जिवंत ठेवला जातो. दोन्हीकडे बदल एका व्यक्तीवर सुरू होतो आणि तिच्यापाशीच संपतो. तो वंशात उतरत नाही. नारळीकरांच्याच 'हिमयुगाची पुनर्भेट'मध्ये मुंबईत बर्फ पडते. पण उपाय शोधला जातो तो वातावरण तापवण्याचा, थंडी सोसणारा माणूस घडवण्याचा नाही. बियाण्यापासून माणसापर्यंतचे पाऊल या कथा टाकत नाहीत.

या संयमात विवेक आहे, तसे एक मौनही आहे. दलित पँथरची स्थापना १९७२ मध्ये मुंबईतच झाली. विज्ञानकथा आणि दलित साहित्य हे दोन प्रवाह एकाच शहरात, एकाच दशकात जोमाने वाहत होते. पण जन्माने माणसाचे भवितव्य ठरावे काय, हा दोघांनाही जवळचा असलेला प्रश्न त्यांना एकत्र आणू शकला नाही. एकाजवळ जनुकाची परिभाषा होती, दुसऱ्याजवळ अनुभव. या दोहोंच्या भेटीतून जी कथा संभवते, तिची वाट अद्याप मोकळी आहे.

५

यावर असा आक्षेप घेता येईल की, अनुकूलित वसाहतकार नेहमीच बळी नसतो. आक्षेप रास्त आहे. ब्लिश यांच्या 'सर्फेस टेन्शन'मधील डबक्यात वसवलेली सूक्ष्म माणसे आपल्या निर्मात्यांनी मागे ठेवलेला धातूवरचा लेख नीटसा वाचू शकत नाहीत, तरी पाण्याचा पृष्ठभाग भेदून बाहेर पडतात. त्या क्षणी प्रयोजक क्रियापद गळून पडते आणि वसवलेले वसणारे होतात. उपनगरातील वसाहतींचा इतिहासही असाच वाचता येतो : गाळ्याचे वाटप दुसऱ्याने केले, पण तेथे वाचनालये, भजनी मंडळे आणि कामगार संघटना उभ्या केल्या त्या रहिवाशांनी. आरे वसाहतीतील आदिवासी पाड्यांची गोष्ट मात्र याहून निराळी आहे. १९४९ मध्ये दुग्ध वसाहत झाली तेव्हा ते पाडे तेथे होतेच. हॉल्डेन यांच्या शुक्रावरील मूळ जीवसृष्टी कथेत निवेदनाच्या ओघात संपून जाते. ती जागा रिकामी नव्हती, हे पाडे आपल्याला विसरू देत नाहीत.

२०१२ नंतर 'क्रिस्पर' तंत्राने जनुके हव्या त्या ठिकाणी छेदणे सुलभ झाले आणि २०१८ मध्ये चीनमधील एका संशोधकाने जनुके बदललेल्या मुलींच्या जन्माची घोषणा केली. पुढच्या पिढ्यांना विचारता येत नाही, हा नैतिक प्रश्न त्यामुळे कथेच्या बाहेर येऊन उभा राहिला आहे. तो मांडताना मराठी समीक्षेने परकी परिभाषा उसनी घेण्याची गरज नाही. हॉल्डेन यांच्या शुक्रापासून ब्लिश यांच्या पृथ्वीपर्यंत प्रत्येक संहितेला विचारायचे ते एवढेच : या वाक्यातील क्रियापद 'वसणे' आहे की 'वसवणे', आणि दुसरे असेल तर त्याचा कर्ता कोण?