मातीतलं लाल औषध

आठवणींचे लेख भरपूर येणार, तू तुझ्या विषयावर लिही, असं संपादक मंडळाने सुचवलं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा मातीचीच गोष्ट सांगते.

पहिल्या पावसानंतर मातीचा वास सुटतो, त्याचं मोठं श्रेय स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंना. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन यांच्यापासूनच मिळालं. त्याआधी, 1940 मध्ये, अमेरिकेत वॅक्समन आणि वुड्रफ यांनी ॲक्टिनोमायसिन वेगळं केलं होतं. ते जंतूंना मारी, पण प्रयोगातल्या प्राण्यांनाही झेपत नसे, म्हणून बाजूला पडलं. पुढे त्याच कुळातलं ॲक्टिनोमायसिन-डी लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर उपयोगी ठरलं.

इटलीतल्या फार्मइटालिया कंपनीचे संशोधकही मातीत असंच औषध शोधत होते. काम चिकाटीचं. माती पाण्यात कालवायची, पातळ करत न्यायची, अगारच्या थाळीवर पसरायची. उगवलेली एकेक वसाहत वेगळी वाढवायची, तिने तयार केलेलं द्रव्य काढायचं आणि उंदरांच्या गाठींवर तपासायचं. बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. कास्तेल देल मोंते या तेराव्या शतकातल्या किल्ल्याजवळच्या मातीत मात्र लालभडक द्रव्य बनवणारा जिवाणू सापडला. त्याच सुमारास फ्रान्समध्येही तेच द्रव्य मिळालं. त्या भागातली प्राचीन डॉनी जमात आणि माणकाचा फ्रेंच शब्द यांवरून नाव पडलं डॉनोरुबिसिन.

रक्ताच्या कर्करोगावर ते चाललं. पण 1967 पर्यंत कळून चुकलं, की ते हृदयावर घाव घालतं. पुढे संशोधकांनी रसायन वापरून त्या जिवाणूच्या जनुकांत बदल घडवला. नव्या वाणाने एकाच ऑक्सिजन अणूने वेगळं द्रव्य दिलं. तेच डॉक्सोरुबिसिन, एड्रियाटिक समुद्राच्या नावावरून ॲड्रियामायसिन. स्तनाच्या कर्करोगासारख्या गाठींवरही त्याचा गुण आला. हृदयाचा धोका मात्र टळला नाही.

आपल्या वयात हे लाल औषध कुणाच्या ना कुणाच्या घरी येऊन जातं. डॉक्टर आधी टू-डी इको करायला सांगतात, आणि ठरावीक मात्रा झाली की गुण येत असूनही ‘आता हे थांबवू’ म्हणतात. तेव्हा घाबरू नका, डॉक्टरांनी हात टेकले असंही समजू नका. हृदय सांभाळायचं म्हणून आयुष्यभराची मात्रा मोजूनच द्यावी लागते.