हिरवळीचे कुरण होताना

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये चॅपलमागे कॅम नदीपर्यंत पसरलेली हिरवळ १७७२ पासून गालिच्यासारखी कातरून ठेवलेली होती. २०१९ मध्ये तिच्या एका भागात रानफुलांचे बी पेरण्यात आले आणि पुढच्याच उन्हाळ्यात तेथे खसखशीची लाल व कॉर्नफ्लॉवरची निळी फुले डोलू लागली. हा तुकडा जेमतेम ०.३६ हेक्टरचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ३६ गुंठ्यांचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत येथे वनस्पती, कोळी आणि किडे यांच्या जाती शेजारच्या कातरलेल्या हिरवळीपेक्षा तिपटीहून अधिक आढळल्या. वनस्पतींच्या ८४ जातींपैकी पेरलेल्या केवळ ३३ होत्या. उरलेल्या आपल्या पायांनी आल्या. वटवाघळांची नोंदही कुरणावर तिपटीने अधिक झाली. कापणी आणि खते कमी झाल्याने दर हेक्टरी वर्षाला १.३६ टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन वाचले.

अशा प्रयोगांना ब्रिटनमध्ये महत्त्व येण्याचे कारण दुःखद आहे. तेथील फुलांनी भरलेली जुनी कुरणे १९३० च्या दशकापासून सुमारे ९७ टक्के नाहीशी झाली. काही नांगराखाली गेली, काही रासायनिक खतांनी संपवली. खताने फुले संपावीत हे बागकाम करणाऱ्याला विचित्र वाटेल. पण कुरणाचे सारे मर्म येथेच आहे. माती सुपीक झाली की जोमदार गवते भराभर वाढतात आणि मंदगतीने वाढणाऱ्या फुलझाडांना ऊन मिळू देत नाहीत. रानफुलांना गरीब माती मानवते. वर्षानुवर्षे खतपाणी घातलेली हिरवळ म्हणूनच कुरणासाठी सर्वांत अवघड जमीन ठरते. नुसती कापणी थांबवून वाट पाहणाऱ्यांच्या पदरी बहुधा आडवे पडलेले उंच गवतच येते.

माती गरीब करायची ती कापलेले गवत प्रत्येक वेळी उचलून नेऊन. जागेवर कुजू दिले, तर तेच खत होते. खत पूर्णपणे बंद करावे लागते. मग शरद ऋतूत गवत अगदी बुडाशी कापून दाताळ्याने जमीन खरवडतात आणि निम्मी माती उघडी पडली की बी फोकतात. प्रमाण चौरस मीटरला चार-पाच ग्रॅम पुरते. बी मातीखाली न गाडता पायाने दाबणे चांगले.

याच वेळी ‘यलो रॅटल’ या पिवळ्या फुलांच्या वर्षायू वनस्पतीचे ताजे बी टाकतात. तिची मुळे गवताच्या मुळांना चिकटून त्यांतील पाणी व क्षार ओढून घेतात. गवत दुबळे होते आणि इतर फुलांना जागा मिळते. आपल्याकडे ज्वारी उत्पादकांना छळणारा टारफुला हा तिच्याच कुळातला. तेथे जो शत्रू, तो येथे मदतनीस. या बियांना रुजण्यासाठी हिवाळ्याची थंडी लागते, त्यामुळे वसंतात पेरलेले बी वाया जाते. पिकलेल्या बोंडांत बिया खुळखुळू लागल्या की गवत कापणीला आले, असे तिकडचे शेतकरी समजत. जुलै-ऑगस्टमध्ये कापणी करून गवत काही दिवस तसेच वाळवतात, म्हणजे बी झडते, आणि मग ते उचलतात. पहिल्या वर्षी बहुवर्षायू रोपे केवळ पाने धरतात, त्यामुळे निराशा होते; दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खरे रूप दिसते.

हेच तत्त्व सह्याद्रीतही दिसते. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातील कासचे पठार जांभ्या खडकावरच्या पातळ मातीमुळेच फुलते. तेथील सीतेची आसवे तर किडे पकडून मातीतली उणीव भरून काढतात. मात्र कासची रोपे वा बी बागेत आणणे गैर आहेच, शिवाय निरुपयोगीही. बाजारातली विलायती बियांची पाकिटेही टाळलेली बरी. नारिंगी कॉसमॉस कुंपण ओलांडून टेकड्यांवर कसा पसरतो, हे पुणेकरांना ठाऊक आहे.

पुण्या-मुंबईकडे बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या हिरवळीचा एक कोपरा पावसाळ्यात न कापता सोडला, तर तेरडा, कुर्डू, केना, टाकळा यांपैकी बरेच काही आपोआप उगवते. माळी ज्याला तण म्हणून उपटतो, त्या टाकळ्याच्या पानांवर एमिग्रंट फुलपाखराचे सुरवंट वाढतात. कोवळी पाने घरात भाजीलाही चालतात. गाजरगवत मात्र फुलण्याआधी मुळासकट काढलेच पाहिजे. कडेने दोन हात रुंदीची पायवाट कातरून ठेवावी. तेवढ्याने हा कोपरा दुर्लक्षाचा नसून मुद्दाम राखलेला आहे हे शेजाऱ्यांना कळते, आणि पावसात चालताना पायाखालचेही दिसते. दिवाळीच्या सुमारास बी झडल्यावर विळ्याने कापणी करून वाळलेले गवत कोपऱ्याबाहेर न्यावे. कंपोस्टचा खड्डा असेल तर ते तेथे जाऊ द्यावे, पण ते खत पुन्हा याच जागेवर पसरू नये.