डोंगरापलीकडची सुट्टी

शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. भीमाशंकरला पाऊस कोसळला की दौंडला भीमा दुथडी वाहते, पण त्याच दिवशी दौंडच्या आभाळातून चार थेंब पडतीलच याचा भरवसा नाही. म्हणून श्रावण लागला की इकडची पोरे गाड्या काढून माळशेजला भिजायला जातात. दिवसभर बर्फावर स्की आणि संध्याकाळी ऊन पाण्याच्या कुंडात डुंबणे, ही जपानची हिवाळी सुट्टी अशाच पर्जन्यछायेतल्या लोकांनी घडवली.

सैबेरियातून निघालेले कोरडे, गार वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि होन्शू बेटाच्या मधल्या डोंगररांगेवर आपटतात. निगाता आणि नागानोच्या उत्तरेकडची खेडी पुरुषभर उंच बर्फात बुडतात. रांगेच्या अलीकडे टोकियोत त्याच दिवशी लख्ख, कोरडे ऊन असते. बर्फाच्या बाबतीत टोकियो म्हणजे दौंडच.

प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत या सुट्टीला बिनदिक्कत ‘शतकांची परंपरा’ म्हटलेले असते. त्यातला ऊन पाण्याचा झरा तेवढा जुना, स्की मात्र परवाची. भातकापणी उरकली की शेतकरी कुटुंबे तांदूळ आणि मिसो बांधून घेऊन झऱ्याच्या गावी जात, खोली घेऊन हाताने रांधून खात आणि दिवसातून अनेकदा पाण्यात उतरत. याला ‘तोजी’ म्हणत. हिशेब सात दिवसांचा. पुरता गुण यायचा तर तीन सप्ताह. कुसात्सु या झऱ्याच्या गावचे पाणी इतके कढत आणि आम्लधर्मी, की गार पाणी ओतून त्याचा गुण घालवण्यापेक्षा लांब फळ्यांनी ते ढवळून निववत आणि ढवळताना गाणी म्हणत. 1876 साली टोकियोत वैद्यक शिकवायला आलेल्या एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टरने या गावाची फार वाखाणणी केली. पण हे सगळे औषध होते. गुडघे धरलेल्या, कंबर मोडलेल्या माणसांची ती जागा; मौजेखातर हिवाळ्यात डोंगरात जावे असे कुणाच्या डोक्यात नव्हते.

स्की आली ती लष्करातून. 1902 च्या जानेवारीत आओमोरीच्या पलटणीतले 210 जण हाक्कोदा डोंगरात हिवाळी सरावाला गेले आणि हिमवादळात त्यांतले 199 दगावले. पुढे तीनच वर्षांत जपानने रशियाला हरवले. हे सैन्य आहे तरी कसे, ते पाहायला ऑस्ट्रिया-हंगेरीने थिओडोर फॉन लेर्ख नावाचा मेजर धाडला. आला होता शिकायला, पण लक्षात राहिला तो शिकवणारा म्हणून. निगाता प्रांतातल्या ताकादा गावच्या छावणीत 12 जानेवारी 1911 रोजी त्याने अधिकाऱ्यांना पायात फळ्या बांधून उतारावर उभे केले. पद्धत त्याचे गुरू मथिआस झ्दार्स्की यांची: दोन नव्हे, एकच लांब काठी, वळायला आणि वेग आवरायला तिचाच आधार. तिथला सेनापती नागाओका गाइशी अचाट लांब मिशांसाठी प्रसिद्ध होता, पण त्याची खरी करामत वेगळी. त्याने ही विद्या छावणीत कोंडून ठेवली नाही. त्याच वर्षी नागरिकांसाठी स्की क्लब निघाला.

लष्कर गावात मागे काय ठेवून जाईल याचा नेम नसतो. घोडनदीकाठी शिरूरलाही इंग्रजांची छावणी होती. तिथे 1809 मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसला लोक ‘सत्पुरुष’ मानू लागले. ताकादाच्या वाट्याला लेर्खच्या फळ्या आल्या. आज निगातात एक काठी घेतलेला पिवळा, उंचनिंच ‘लेर्ख-सान’ हा बाहुला जाहिरातींतून फिरतो.

झरा आणि स्की एकत्र आले ते रेल्वेमुळे. माहितीपत्रकांत याचा उल्लेख क्वचितच असतो. 1878 साली मनमाडची लाइन फुटली आणि दौंडचे जंक्शन झाले. शिरूरला आजही रेल्वे नाही. रूळ गावाचे काय करतात हे या दोन तालुक्यांना वेगळे सांगायला नको. 1931 मध्ये टोकियो-निगाता वाटेवरचा शिमिझु बोगदा खुला झाला. लांबी 9.7 किलोमीटर. तोवर डोंगराला मोठा वळसा घालावा लागे. आता कोरड्या उन्हात गाडीत बसायचे आणि अंधारातून बाहेर पडायचे ते थेट बर्फात. बोगद्यापलीकडचे युझावा हे मुळातच ऊन पाण्याचे गाव. शनिवार-रविवारात जाऊन येणे जमू लागले आणि रोग्यांच्या खोल्यांत धडधाकट माणसे उतरू लागली. 1982 मध्ये शिंकान्सेन आली. 1990 मध्ये गाला युझावा हे स्टेशनच स्कीसाठी बांधले: गाडीतून उतरा, तिथेच बूट भाड्याने घ्या, तिथूनच पाळण्यात बसून डोंगरावर जा. टोकियोपासून सव्वा-दीड तास. मला हे जरा अतीच वाटते.

खेड्यांच्या बाजूनेही ही गोष्ट पाहायला हवी. हिवाळ्यात शेते गाडली गेली की बर्फाळ मुलखातले पुरुष शहरात मजुरीला किंवा साके गाळण्याच्या कारखान्यांत जात. भीमा-घोडच्या पट्ट्यात दिवाळीनंतर ऊसतोडीचे अड्डे पडतात, तसलाच हा हंगामी संसार. स्कीवाले येऊ लागल्यावर 1930 च्या दशकात हाकुबा गावाकडच्या शेतकऱ्यांनी आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या. घरचा भात, घरचे लोणचे. ‘मिन्शुकु’ हा घरगुती मुक्कामाचा प्रकार तिथे रुजला आणि पुष्कळ घरांतला कर्ता हिवाळ्यात घरी राहू लागला.

या साऱ्याचा मेळ पाहायचा तर नोझावा ओनसेनला. गावात 13 सार्वजनिक न्हाणीघरे आहेत. राखतात ती त्या त्या आळीचे लोक, पाळीपाळीने झाडून-घासून. पाहुण्याने पेटीत चार नाणी टाकावीत, आधी बाहेर अंग स्वच्छ धुवावे आणि मग उतरावे, तेही अंगावर सूत न ठेवता. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. आपल्याकडचा माणूस पहिल्या दिवशी इथे हटकून अडखळतो. ‘ओगामा’ हे जवळपास 90 अंशांचे कुंड गावकऱ्यांचे स्वयंपाकघर; त्यात भाज्या आणि अंडी उकडतात, परक्याला आत मज्जाव. नोझावाना या पालेभाजीचे लोणचे घालण्याआधी जुड्या धुतात त्याही झऱ्याच्याच पाण्यात. अठराव्या शतकात इथल्या देवळाच्या एका भिक्षूने ओसाकाकडून सलगमाचे बी आणले आणि या थंडीत कंद धरण्याऐवजी पालाच माजला, असे गावात सांगतात.

15 जानेवारीला दोसोजिन या वेशीवरच्या देवाचा अग्नीचा सण. बीचच्या ओंडक्यांचा उंच मनोरा रचतात. 42 वर्षांचे पुरुष वर बसतात, 25 वर्षांचे खाली राखण करतात आणि उरलेला गाव पेटत्या चुडी घेऊन चाल करून येतो. ही दोन्ही वये तिकडे खडतर मानतात. आपल्याकडे साडेसातीला तेल वाहून भागते, तिथे अंगावर आग झेलावी लागते. शेवटी मनोरा पेटतोच.

ऊन पाण्याला आपणही मुकलेलो नाही. फक्त तेही पावसासारखे डोंगरापलीकडे, कोकणात. 1739 मध्ये वसई घेतल्यावर चिमाजी अप्पांचा नवस फेडायला जिथे देऊळ बांधले ती वज्रेश्वरी, दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वराजवळचे तुरळ, राजवाडी, आरवली. जपानचे झरे बहुतेक ज्वालामुखींच्या धगीवर तापतात. कोकणात मुरलेले पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते आणि भूगर्भाच्या उष्णतेने तापून वर येते. आपल्याकडे रेल्वेही पोचली. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण झाली, साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यासकट, आणि पुढच्याच महिन्यात नागानोला हिवाळी ऑलिंपिक भरले. आरवलीला स्टेशनही आहे. पण कोकणातल्या माघात घाम येतो आणि घामेजलेला माणूस कढत पाण्यात बसतो तो देवासाठी नाहीतर खरजेसाठी. त्यामुळे दौंडकर अजून माळशेजलाच जातात.