गाडीबरोबरची विहीर

परवा कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात एक जुनी जीप बॉनेट वर करून उभी दिसली. शेजारी दोन मुलं हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन, रेडिएटरकडे टक लावून उभी. थांबलो आणि म्हटलं, "टोपणाला हात लावू नका अजून अर्धा तास." त्यांना वाटलं असेल, कोण हा आगाऊ म्हातारा! पण बरोबर त्याच घाटात, २००३ च्या मे महिन्यात, मी असाच उभा होतो. तेव्हा एका एस. टी. च्या ड्रायव्हरने मला हेच वाक्य ऐकवलं होतं.

तर त्या जीपची गोष्ट. आणि तिच्या निमित्ताने आमच्या सातारा-सांगलीच्या इंजिनांची.

आमच्या घरची जीप चार सिलिंडरची, डिझेलवर चालणारी. बैलासारखी इमानी आणि बैलासारखीच संथ. मला हौस आली की हिला टर्बो बसवायचा. भंगारातला एक टर्बोचार्जर मिळाला, एक गॅरेजवाला तयार झाला. अडचण एकच होती, जागा. जीपचं नाक केवढंसं! जाळीला खेटून रेडिएटर, रेडिएटरच्या मागे दोन बोटांवर पंखा, पंख्याच्या मागे लगेच इंजिन. टर्बोचा गोगलगायीसारखा डबा एक्झॉस्टला जोडला, पण त्यातून निघणारा हवेचा जाड पाइप न्यायचा कुठून? शिवाय हवा थंड करायला इंटरकूलर हवाच, असं आम्ही कुठेतरी वाचलं होतं. मग गॅरेजवाल्याने सोपा मार्ग काढला. मूळ रेडिएटर काढून एका लहान गाडीचा अरुंद रेडिएटर बसवला, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं काढून टाकलं, मोकळ्या झालेल्या बाजूने पाइप नेला आणि इंटरकूलर रेडिएटरच्या पुढ्यात टांगला.

सांगली-इस्लामपूर रस्त्यावर गाडी अशी पळाली की विचारू नका. आठवडाभर मी जमिनीवर नव्हतो. मग आम्ही कोकणात गेलो. परतीला, भर दुपारी, घरची सगळी मंडळी आणि आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली चढायला लागलो, आणि चौथ्या-पाचव्या वळणावर काटा लाल पट्टीत गेला. हेड गॅस्केट उडालं. आई रस्त्याकडेच्या दगडावर पदर डोक्यावर घेऊन बसली होती, ते चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गाडी ओढत आणली ती त्या गॅरेजात नाही, किर्लोस्करवाडी स्टेशनच्या बाजूच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे. त्यांची हयात विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ नुसतं बघितलं आणि विचारलं, "जुनं रेडिएटर कुठं टाकलंसा?" मी टर्बोबद्दल बोलायला लागलो तर म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. इंजान ताकद मागत न्हाई, पाणी मागतंय. विहिरीवरनं उचलून रस्त्यावर आणलं, तर विहीर संगं न्यायला नको?"

हे वाक्य मला कळायला बरीच वर्षं लागली. त्यासाठी थोडा इतिहास वाचावा लागला.

आमच्याकडे यंत्रयुग आलं ते शेताच्या वाटेने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, आणि तो विकायला त्यांना दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत. १९१० मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कूपर इंजिनिअरिंग सुरू केलं. हे कूपर म्हणजे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते तेच. त्यांच्या कारखान्यातही आधी नांगर आणि शेतीची अवजारं झाली, आणि १९३० च्या दशकात डिझेल इंजिन. भारतात तयार झालेलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून साताऱ्याच्याच इंजिनाचं नाव घेतलं जातं. १९४० मध्ये हा कारखाना वालचंद हिराचंद यांच्याकडे गेला. १९४६ मध्ये किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिनांचा वेगळा कारखाना काढला. पुढे या इंजिनांनी आमच्या भागातल्या मोटांची जागा घेतली. (सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे ही दोन जिल्ह्यांची नव्हे, एकाच घराची गोष्ट.)

आता गंमत बघा. विहिरीवरच्या या इंजिनाला रेडिएटर नसायचा. गरजच नव्हती! पंपाने उपसलेल्या पाण्यातली बोटभर धार इंजिनातून फिरवायची आणि पाटात सोडून द्यायची. नाहीतर शेजारी दोनशे लिटरचं बॅरल ठेवायचं. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार खाली उतरतं, कसलाही पंप न लावता ते फिरत राहतं. थंडीच्या दिवसांत इंजिनातून आलेल्या त्या कढत धारेखाली आम्ही मुलं अंघोळी करायचो. इंजिन तापतं हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते तापणं म्हणजे सुख! अडचण म्हणून ते कधी समोर आलंच नाही, कारण ज्या पाण्यासाठी इंजिन चालायचं तेच पाणी त्याला गार ठेवायचं.

टर्बोचार्जरचा जन्मही असाच पाण्याकाठचा. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कल्पना साधी. डिझेलचा एक रुपया जाळला तर ढोबळ हिशेबाने पाच-सहा आणे कामाला येतात, तेवढेच धुरातून उडून जातात आणि उरलेले पाण्यात जातात. धुराबरोबर जाणाऱ्या आण्यांतले थोडे परत मिळवायचे. जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. पण कल्पना कामाला आली ती १९२० च्या दशकात, आणि कुठे, तर जहाजांवर. जहाजाच्या इंजिनाला गार पाण्याची काय वाण? खाली अख्खा समुद्र.

टर्बो मोटारीत आला तो १९६२ साली, अमेरिकेत. तेव्हाच्या ओल्डस्मोबिल जेटफायर गाडीत टर्बोबरोबर एक वेगळी टाकी दिलेली होती. तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण. दाबलेली हवा तापते आणि इंजिन ठोके देतं, ते आवरायला हा फवारा. मालक लोक टाकी भरायला विसरायचे, टाकी रिकामी झाली की गाडीची ताकद उतरायची. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली. कुंभार्ली घाटात बाटल्या घेऊन उभा असलेला मी आणि ओल्डस्मोबिलचे ते इंजिनिअर, आमची चूक एकच होती! ताकद आधी बसवली आणि गारव्याची सोय नंतर बघितली.

रेडिएटर हे खरं तर चालत्या गाडीबरोबर नेण्याची विहीर. फरक एवढाच की या विहिरीत पाणी तेच तेच, पाच-दहा लिटर. त्यातली उष्णता घेऊन जायची ती हवेने. मेबाखने १९०० च्या सुमारास मर्सिडिजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तेव्हा कुठे थोड्या पाण्यात मोठं इंजिन गार राहायला लागलं. म्हणजे सगळा खेळ हवा किती पृष्ठभागावरून जाते याचा. रेडिएटर अरुंद केला की तोंडच लहान झालं. पुढे इंटरकूलर टांगला की त्याची तापलेली हवा रेडिएटरच्या वाट्याला. पंख्याचं कडं काढलं की पंखा आपलीच हवा कडेने फिरवत बसतो, जाळीतून ओढत नाही. सपाट रस्त्यावर यातलं काहीच कळत नाही, कारण ताशी साठच्या वेगाने वारा फुकट मिळतो. घाटात वेग पंधरा-वीस, इंजिन पूर्ण ताकदीवर, बाहेर मे महिना. तिथे खरा हिशेब होतो. पाणी बंद टाकीत दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या वरही उकळत नाही, कुकरसारखं. पण म्हणूनच तापल्यावर टोपण उघडलं की अंगावर उसळतं.

मिस्त्रींनी काय केलं ते सांगतो. भंगारातून जीपचा मूळ मापाचा रेडिएटर शोधून आणला आणि नळ्यांची एक ओळ वाढवून घेतली. एक ओळ जाडी वाढली म्हणजे पंख्याशी असलेलं अंतर गेलं. मग पंखा पुलीवर ज्या ठोकळ्यावर बसतो तो ठोकळा घासून पातळ केला. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून त्यांनी पाइपाचा नमुना केला, तो वीस वेळा घालून-काढून पाहिला, आणि शेवटी टर्बोचं हवेकडचं तोंड बोल्ट ढिले करून वर फिरवलं. पाइप आता रेडिएटरच्या डोक्यावरून गेला, बाजूने नाही. पंख्याचं कडं पत्र्याचं नवीन केलं. इंटरकूलर काढून माझ्या हातात दिला. "ह्यो घरी ठेवा." आणि इंटरकूलर नाही म्हणून टर्बोचा दाब उतरवला, डिझेलही थोडं कमी केलं. मी कुरकुरलो. निम्मी ताकद गेली की! ते म्हणाले, "घाट चढंल एवढी ठेवलीया."

त्यानंतर ती जीप कुंभार्ली, पसरणी, आंबेनळी सगळे घाट चढली. एकदाही काटा लाल पट्टीत गेला नाही. आईसुद्धा बसली पुन्हा. टोपण मात्र दर वेळी निघण्याआधी स्वतः बघायची.

एक कबुली द्यायला हवी. आमचा हा उद्योग कायद्यात बसणारा नव्हता. नोंदणीच्या तपशिलाशी आणि उत्पादकाच्या मूळ मापांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. त्यामागचं कारण मला आता पटतं. रस्त्याकडेच्या दगडावर बसलेली आई मी पाहिली आहे ना! तरीही सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातल्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, आणि २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी ती नेऊन त्याला बदल्यात बोलेरो दिली, तेव्हा मी मिस्त्रींची आठवण काढून एकटाच हसलो होतो. ती गाडी नियमात बसत नाही हे महिंद्रांनीही सांगितलं होतं. पण हात कुठून आले ते विसरून कसं चालेल?

सांगलीतलं इंजिनिअरिंग कॉलेज धोंडूमामा साठ्यांनी १९४७ मध्ये काढलं, १९५५ मध्ये त्याला वालचंदांचं नाव लागलं. ज्यांनी साताऱ्याचा इंजिन कारखाना घेतला आणि मुंबईत मोटारीचा कारखाना उभा केला तेच हे वालचंद. तिथून शिकून गेलेली मुलं आज जगभर गाड्यांची इंजिनं आखतात, रेडिएटरमधून किती उष्णता जाईल ते संगणकावर आधीच पाहतात. ते उत्तमच. पण मिस्त्रींनी पुठ्ठ्याने आणि दोन बोटांनी जे मोजलं ते कुठल्या वहीत उतरलं नाही. ते गेले, मुलगा आता बॅटरीचा धंदा करतो, शेडला कुलूप आहे. मी तेव्हा त्यांना विचारून लिहून ठेवायला हवं होतं. मी ताकद किती वाढली तेच मोजत बसलो.

कुंभार्लीतल्या त्या मुलांना मी एवढंच विचारलं, "मूळ रेडिएटर कुठाय?" ती एकमेकांकडे बघायला लागली.

असो. अर्ध्या तासाने टोपण उघडलं, पाणी भरलं. त्यांना मिस्त्रींचं विहिरीचं वाक्य सांगितलं. किती कळलं कोण जाणे. मला तरी कुठे लगेच कळलं होतं?