एक चाल, हजार गळे: किंग्स्टन ते पालम

तर मंडळी, आज आधी जमैकाला जाऊ, मग पालमला येऊ.

जमैकात गाण्याच्या मागं वाजणाऱ्या ताल-सुराला ‘रिडिम’ म्हणतात. रिडिम एकच, पण त्यावर कुणीही यावं आणि आपले शब्द घालावेत. १९८५ साली किंग्स्टनच्या किंग जॅमीनं ‘स्लेंग टेंग’ आणला. आधी वेन स्मिथ त्यावर गायला, मग टेनर सॉ, जॉनी ऑस्बर्न, आणि पुढं शेकडो जण. मूळ ताल आला होता कॅसिओच्या एमटी-४० नावाच्या छोट्या कीबोर्डातून. ‘रॉक’चा पर्याय निवडला की तो आपोआप वाजायचा; जॅमीनं त्याची गती कमी केली. तो ताल रचला होता हिरोको ओकुदा या जपानी तरुणीनं. गाणं जगभर वाजलं, तिचं नाव मात्र लोकांना फार उशिरा कळलं.

आता कुणी म्हणेल, ही तर कॉपी झाली. मला तसं वाटत नाही, कारण आपल्याकडं हेच शेकडो वर्षं चालू होतं. जात्यावर!

पालम तालुक्याला लागूनच गंगाखेड, संत जनाबाईंचं गाव. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो. आणि ती शेवटी आपली सही करते, नामदेवाची दासी जनी म्हणून. पण तिच्यानंतर घराघरांत पहाटे दळणाऱ्या बायांनी कुठं सही केली?

ओवीचं गणित बघा. जात्याची घरघर हा ताल, चाल सगळ्यांच्या ओळखीची. एकीनं ओळ टाकायची, समोरचीनं उचलायची. शब्द कमी पडले की ‘गं बाई’ घालून ओळ लांबवायची. त्याच चालीत माहेरचा भाऊ येतो, पंढरी येते, आणि सासरचा असा जाचही येतो, जो दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती. नवऱ्यासमोर तोंड न उघडणारी बाई जात्यावर सगळं बोलून टाकायची. माझ्या मते आपला खरा डान्सहॉल हाच.

मग गावोगावी पिठाची गिरणी आली. हाताचं दुखणं गेलं, बरंच झालं. पण ओवी म्हणायची जागाही गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणारीच्या नावागावासकट. पुढं त्यांतल्या बऱ्याच रेकॉर्डही झाल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्या. चाल जुनीच, शब्द त्यांचे. ‘पारी’च्या वेबसाइटवर त्या फोनवरही ऐकता येतात.

तुमच्या आजीला एखादी ओवी येत असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करा. अन् सुरुवातीला तिला स्वतःचं नाव आणि गाव सांगायला लावा.