तापलेला धातू आणि फार वेगाचा घाव

लोहाराच्या भात्यासमोर उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, धातू तापला की मऊ होतो. आजचा भाग आहे हा नियम कुठे मोडतो याबद्दल. त्यासाठी आधी १८७२ च्या मँचेस्टरला जाऊ.

जॉन हॉपकिन्सन या अभियंत्यानं लोखंडी तार वरून टांगली आणि तिच्यात ओवलेलं वजन उंचावरून खालच्या टोकावर सोडलं. आपल्याला वाटेल, तार खालीच तुटणार, जिथे दणका बसला. पण ती तुटायची वर, जिथे घट्ट बांधलेली होती तिथे! कारण दणक्याची लाट तारेतून वर जाते, बांधलेल्या टोकावरून परत फिरते, आणि जाणारी-येणारी लाट मिळून तिथला ताण दुप्पट होतो. शिवाय तुटणं हे वजनापेक्षा ते किती उंचीवरून पडलं, म्हणजे त्याच्या वेगावर ठरत होतं. एक तार आणि एक वजन, एवढ्यावर हे कळलं. मला तरी हा प्रयोग या सगळ्या इतिहासातला सगळ्यात देखणा वाटतो.

जॉन १८९८ मध्ये आल्प्समध्ये तीन मुलांसह दरीत कोसळून गेले. मागे राहिलेला मुलगा बर्ट्रम पुढे केंब्रिजला प्राध्यापक झाला. त्यानं पोलादी पत्र्याला चिकटवून स्फोटकं उडवली, तर पत्र्याच्या मागच्या बाजूचा तुकडा सुटून उडाला. दाबाची लाट मागच्या मोकळ्या पृष्ठावरून परतताना ताण होऊन येते आणि धातूला आतून फाडते. याला आज 'स्पॉल' म्हणतात. रणगाड्यात बसलेल्यासाठी चिलखत भेदलं गेलं नाही तरी हा तुकडा जीवघेणा. १९१८ मध्ये बर्ट्रमही विमान अपघातात गेला.

आता तापमान. धातूचे अणू रांगेत असतात, पण रांगांमध्ये खोट असते, तिला डिसलोकेशन म्हणतात. ही खोट सरकली की धातू वाकतो. हळू वाकवताना उष्णता तिला अडथळे ओलांडायला मदत करते, म्हणून लोहाराचं बरोबर. पण खोट प्रचंड वेगानं पळवली, तर उष्णतेनं थरथरणारे अणूच तिला अडवतात. मोकळ्या रस्त्यावर चालणं वेगळं आणि जत्रेतून धावणं वेगळं, तसं.

२००१ मध्ये रशियातल्या गेन्नादी कानेल आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमचे एकसंध स्फटिक वितळबिंदूच्या, म्हणजे ६६० अंशांच्या, जवळ नेऊन त्यांना धक्का दिला. वाकायला लागणारा ताण उलट वाढला! २०२४ मध्ये इयन डाउडिंग आणि ख्रिस्तोफर शू यांनी तांब्यावर डोळ्यांना न दिसणारे कण मारले. तांबं १५७ अंशांनी जास्त तापवल्यावर सुमारे ३० टक्के जास्त बळकट निघालं.

फाटण्याचं मात्र वेगळं. अनेक कणांचा बनलेला, म्हणजे आपल्या रोजच्या वापरातला ॲल्युमिनियम वितळायच्या बेतात आला की स्पॉलला अगदी सहज बळी पडतो. एकसंध स्फटिक तिथेही बराच टिकतो.