पोटासाठी रेषा

निपाणीत चित्रांचे पहिले प्रदर्शन विडीच्या बंडलावर भरले, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. पण त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. घराघरांत कॅलेंडराखेरीज दुसरे चित्र नव्हते, त्या काळात विडीच्या कारखान्यांतून रोज हजारो छापील चित्रे बंडलांवर डकवली जात होती. पातळ कागदावर मालकाचा फोटो, व्यापारचिन्ह, त्याचा नोंदणी क्रमांक आणि दोनतीन लिप्यांत नाव. अक्षरशत्रू गिऱ्हाईकही चिन्ह ओळखून आपलीच विडी मागून घेई. एवढे मोठे काम करणारे ते चित्र कोणी काढले, हे मात्र बंडलावर कुठेही लिहिलेले नसे. (2009 पासून तिथे इशाऱ्याचे चित्र सक्तीचे झाले, ते योग्यच झाले, पण तो वेगळा विषय.)

अशा चित्रकाराला आज ग्राफिक डिझायनर म्हणतात. आमच्या पिढीत त्याला कमर्शियल आर्टिस्ट म्हणत, आणि सरकारी मराठीत उपयोजित चित्रकार. नावे बदलली तरी लोकांच्या मनातली शंका तीच राहिली : चित्रे काढून पोट भरते काय? दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न घेऊन दोनतीन पालक दरवर्षी माझ्यासमोर बसतात. त्यांची चिंता खोटी नाही. म्हणून मी त्यांना उपदेश करण्याऐवजी माणसे सांगतो.

आपल्या मुलखात अशा माणसांची वाण कधी नव्हती. महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) जन्माने कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवता शिकवता त्यांनी पुस्तकांसाठी चित्रे काढली, पोस्टकार्डे रंगवली, रेल्वेची भित्तिपत्रके केली. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आत्मवृत्ताचे नाव मला फार आवडते, त्यात हिशेबी नोकरदाराचा सच्चेपणा आहे. कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरेही स्वतः रंगवली. पुढे 1935 मध्ये जे. जे. मध्ये कमर्शियल आर्टचा स्वतंत्र विभाग निघाला आणि या धंद्याला शिक्षणाची चौकट मिळाली.

त्याच 1935 साली बेळगावात रवि परांजपे यांचा जन्म झाला.

परांजप्यांचे नाव आज सीमाभागातल्या शाळकरी मुलांना ठाऊक नसावे, याची खंत वाटते. बेळगावात त्यांना गुरू लाभले ते के. बी. कुलकर्णी. के. बीं.चे 'चित्रमंदिर' हे बेळगावच्या कलाजीवनाचे मोठे ठिकाण होते. निसर्गचित्र आणि व्यक्तिचित्र या दोन्हींत त्यांचा हात पक्का, आणि वृत्ती वास्तववादी. समोरचे नीट पाहायचे, नीट काढायचे, आणि उद्या पुन्हा काढायचे, अशी ती परंपरा. बेळगाव हे गाण्याचेही गाव. जवळच्या सुळेभावीत 1924 मध्ये कुमार गंधर्व जन्मले. तेव्हा रियाज म्हणजे काय हे इथल्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

परांजपे ऐन विशीत असताना 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या निर्णयाने आपल्या आयुष्यात काय काय उलटेपालटे झाले ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण जाहिरातीचा आणि छपाईचा मोठा बाजार मुंबईत होता, आणि बेळगावच्या मराठी चित्रकाराची वाट तिकडेच जात होती. परांजप्यांनीही मुंबई गाठली. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या कला विभागात काम केले, रतन बात्रा यांच्या स्टुडिओत केले, काही वर्षे तर थेट केनियात, नैरोबीच्या जाहिरात व्यवसायात काढली. परत आल्यावर बोधचित्रकार म्हणून देशभर नाव झाले. वास्तुविशारदांसाठी, अजून न बांधलेल्या इमारती उभ्या राहिल्यावर कशा दिसतील याची चित्रेही त्यांनी रंगवली.

या कामाची रीत बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. संगणकापूर्वीच्या काळात आधी कच्चा आराखडा व्हायचा, तो गिऱ्हाइकापुढे जायचा, तिथे त्याची चिरफाड व्हायची, आणि मग पक्के चित्र, तेही ठरल्या तारखेला. शिवाय छपाईची अट डोक्यावर. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर नाजूक छटा बुजून जातात, तिथे स्वच्छ रेषाच तगते. ज्याची रेषा डळमळीत, त्याला कागदच उघडे पाडतो. स्फूर्ती येईपर्यंत थांबण्याची सोय या धंद्यात नाही. सकाळी बसायचे म्हणजे बसायचे.

म्हणूनच परांजप्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिलेले नाव अर्थपूर्ण आहे : 'ब्रश मायलेज'. गाडी किती मैल धावली ते काटा सांगतो, तसा हा कुंचल्याचा प्रवास. प्रतिभा हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. मैल मात्र मोजावे लागतात, आणि ते दुसऱ्या कुणाच्या नावावर चढत नाहीत.

त्यांच्याच वयाचा दुसरा माणूस म्हणजे कमल शेडगे. जन्मसाल तेच, 1935. नोकरीही 'टाइम्स'मध्येच, पण यांचे सगळे लक्ष अक्षरावर. कलाशाळेचे रीतसर शिक्षण न घेता त्यांनी देवनागरीला शेकडो रूपे दिली. 'मत्स्यगंधा', 'रायगडाला जेव्हा जाग येते' अशा नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षके वाचण्याआधीच नाटकाची जात सांगत. रोज सकाळी वर्तमानपत्र उघडणाऱ्या किती मराठी माणसांनी त्यांचे काम पाहिले असेल, आणि त्यांतल्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल! 4 जुलै 2020 रोजी ते गेले. परांजपे 11 जून 2022 रोजी पुण्यात गेले. अखेरच्या दशकांत त्यांनी स्वतःसाठी चित्रे रंगवली आणि कलेवर ठाम, काहींना बोचणारे लेखन केले. चित्र सामान्य रसिकाला कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आयुष्यभर गिऱ्हाइकासाठी काम केलेल्या माणसाला तो आग्रह शोभतो, असे माझे मत आहे.

संगणक आला तेव्हा हे सगळे संपले असे अनेकांना वाटले. पण संगणकावर वर्षानुवर्षे वापरला गेलेला 'मंगल' हा देवनागरी टंक घडवला तो र. कृ. जोशी यांनी, आणि त्यांचाही हात आधी बोरू-कुंचल्यावर तयार झाला होता. 'उल्का' या जाहिरातसंस्थेत मुरलेला हा सुलेखनकार पुढे पवईच्या आय. आय. टी. त शिकवू लागला. यंत्राला वळण लावायला आधी स्वतःला वळण लागते.

निपाणीत आता फ्लेक्सची दुकाने गल्लोगल्ली आहेत. वाढदिवस, निवडणूक, उरूस, श्रद्धांजली, सगळे एकाच ठशाचे. फक्त तोंडे बदलतात. मागच्या पावसाळ्यात अशाच एका दुकानदाराने मला रस्त्यात गाठले. म्हणाला, "सर, हातानं अक्षर काढणारं एखादं पोरगं हाय काय तुमच्या शाळेत? काम्पुटरवाली तिघं हायत माझ्याकडं, पर गिऱ्हाईक येगळं कायतरी मागतंय." मी दोन नावे दिली. त्यातली एक दहावीतली मुलगी आहे, आई विडी वळते. रविवारी सकाळी ती दुकानात बसते, आणि पाटीमागे किती घ्यायचे हे तिने स्वतःच ठरवून घेतले आहे.